लाखात एक म्हणजे नेमक्या किती?

मूळ पेशींपासून (स्टेम सेल) उपचाराच्या पेशी बनवताना त्यांत काही अविकसित मूळ पेशी उरतात. त्या शोधणाऱ्या चाचणीचं तुमच्या लेखात कौतुक आहे, ते रास्तच. पण लाखात एक अशी पेशी असली तरी चाचणीला सापडते म्हणून हुरळून जाऊ नये. हृदयासाठी 10 कोटी पेशी टोचल्या, तर त्या हिशेबाने हजारभर अविकसित पेशी न सापडता आत जाऊ शकतात की! त्यांतून टेराटोमा, म्हणजे नाना प्रकारच्या ऊतींची गाठ, होऊ शकते. डोळ्याच्या पडद्याला पेशी फार कमी लागतात, तिथलं गणित वेगळं. शिवाय या चाचणीत लिन28 सारख्या, मूळ पेशींत सक्रिय असणाऱ्या जनुकाचा आरएनए (जनुकाची नक्कल) मोजायला पेशी फोडाव्या लागतात. म्हणजे तपासलेल्या पेशी वाया, रुग्णाला मिळतात त्यांची भावंडं! पेशींतल्या जनुकीय बदलांची भानगड आणखी निराळी. जपानमध्ये 2015 साली अशा उपचाराच्या दुसऱ्या रुग्णाचं पडद्याच्या पेशींचं प्रत्यारोपण थांबलं, ते असे बदल आढळल्यावरच. त्याबद्दलही लिहा.