मला 'नाही' म्हणणारं पत्र

२६ नोव्हेंबरला, संविधान दिनाला, आमच्या घरच्या ग्रुपवर सकाळपासून उद्देशिकेचे फोटो पडत होते. त्याखाली ऐरोलीच्या काकांनी काडी टाकली : 'इंग्लंडला लिखित घटनाच नाही, तरी देश शिस्तीत चालतो. आपल्याकडे एवढा जाडा ग्रंथ, उपयोग काय?' मावसभाऊ पेटला : 'आपली घटना जगात सर्वांत मोठी आहे, अभिमान बाळगा.' दुपारपर्यंत दोघांची जुंपली होती. शेवटी आईने लिहिलं, 'पोरगी तिकडे तेच शिकायला गेलीय ना? तिला विचारा.'

मी इंग्लंडमध्ये, लीड्सला एलएलएम (कायद्याची पदव्युत्तर पदवी) करते. विषय राज्यघटना, प्रशासकीय न्याय आणि मानवी हक्क. उत्तर ग्रुपवर मावेना, म्हणून हा लेख.

काका, तुमचं अर्धंच बरोबर आहे. इथे घटना आहे, पण ती विखुरलेली : थोडी १६८९ च्या बिल ऑफ राइट्समध्ये, थोडी नंतरच्या कायद्यांत, बरीचशी रिवाजात. त्यामुळे संसदेने ठरवलं की ठरलं. १९९८ चा मानवी हक्क कायदा आहे, पण त्याखाली न्यायालय संसदेचा कायदा रद्द करू शकत नाही. तो हक्कांशी विसंगत आहे, एवढंच जाहीर करू शकतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की आश्रय मागणाऱ्यांना पाठवायला रवांडा हा देश सुरक्षित नाही. एप्रिल २०२४ मध्ये संसदेने कायदाच केला, की रवांडा सुरक्षित आहे. न्यायालयाने पुराव्यावरून काढलेला निष्कर्ष बहुमताने फिरवला! पुढे सरकार बदललं आणि योजना बारगळली, ते वेगळं. वर्गात मी केशवानंद भारती खटला, म्हणजे घटनेची मूळ चौकट संसदेलाही मोडता येत नाही हे ठरवणारा निकाल, सांगितला तेव्हा शेजारच्या मुलीने दोनदा विचारलं, 'घटनादुरुस्तीसुद्धा रद्द होते तुमच्याकडे?' होते. २०१५ मध्ये न्यायाधीश नेमणुकीची ९९ वी दुरुस्ती रद्द झालीच की.

आणि शिस्तीचं म्हणाल, तर विंडरश प्रकरण आठवा. कॅरिबियन बेटांवरून लहानपणी कायदेशीरपणे आलेली, आयुष्यभर इथे राबलेली माणसं. पुरावा दाखवता येईना म्हणून त्यांच्या नोकऱ्या गेल्या, काहींना देशाबाहेर काढलं. त्यांच्या येण्याची जुनी नोंदकार्डं सरकारनेच २०१० मध्ये नष्ट केली होती. २०१८ मध्ये हे सगळं बाहेर आलं. कागद हरवला की माणूस हरवतो, हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही.

मग मला हेवा कशाचा वाटतो? एका पत्राचा. पूर्णवेळ विद्यार्थ्याला इथे नगरपालिकेचा घरकर माफ असतो, तरी मला बिल आलं. मी तक्रार केली, तर नकार आला. पण त्या नकारात लिहिलं होतं, की विद्यापीठाच्या दाखल्यावर अभ्यासक्रमाची तारीख नाही, म्हणून अर्ज मान्य करता येत नाही. शेवटच्या परिच्छेदात होतं, की निर्णय पटला नाही तर अमुक न्यायाधिकरणाकडे (अशा वादांसाठीच्या न्यायालयासारख्या संस्थेकडे), अमुक मुदतीत दाद मागा. मला 'नाही' म्हणणारं पत्र मी तीनदा वाचलं. दुसरा दाखला जोडला, काम झालं.

हा परिच्छेद आपोआप उगवलेला नाही. १९५७ मध्ये इथल्या सरकारने नेमलेल्या फ्रँक्स समितीने सांगितलं, की न्यायाधिकरणांचं काम खुलं, न्याय्य आणि निःपक्षपाती हवं. पुढच्याच वर्षी कायदा झाला आणि मागितल्यावर निर्णयाची कारणं देणं न्यायाधिकरणांना बंधनकारक झालं. गंमत अशी, की प्रत्येक अधिकाऱ्याने कारणं द्यावीत असं सर्वसाधारण बंधन इथल्या कायद्यात आजही नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र १९९० मध्येच, एस. एन. मुखर्जी खटल्यात, अर्धन्यायिक, म्हणजे न्यायाधीशासारखा, निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्याने कारणं नोंदवणं हा नैसर्गिक न्यायाचा भाग मानला. म्हणजे पुस्तकात आपण पुढे आहोत. अभिमानवाल्या भावाला हा मुद्दा फुकट देते.

आता ठाण्याला या. चेंदणीतलं आमचं घर अजून आजोबांच्या नावावर. कराच्या नोंदीला वारस म्हणून स्वतःचं नाव लावायला बाबा एका कार्यालयात खेपा घालत होते. पहिल्यांदा 'साहेब मीटिंगला गेलेत', दुसऱ्यांदा 'हे कागद चालणार नाहीत', तिसऱ्यांदा 'कोणी सांगितलं हे चालतात?' सगळं तोंडी. तोंडी नकारावर अपील कशाच्या आधारे करणार? बाबांना हा अपमान वाटतही नव्हता, याचा मला जास्त राग आला.

वास्तविक महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ पासून आहे. सेवा अधिसूचित, म्हणजे या कायद्याखाली जाहीर केलेली असेल, तर अर्जाची पोच द्यायची, ठरल्या मुदतीत काम करायचं, नाहीतर लेखी कारण द्यायचं. वर दोन अपिलं आणि त्यावर आयोग. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये शास्ती. घटनेवरून वर्षभर भांडणाऱ्या आमच्या ग्रुपवर या कायद्याचं नाव एकदाही आलेलं नाही. उद्देशिकेतला कुठला शब्द राहावा यावर सगळ्यांना मत आहे. खिडकीपलीकडच्या माणसाने लिहून द्यावं, अशी मागणी कोणीच करत नाही.

ऐकून न घेण्याची किंमत आमच्या माणसांना ठाऊक नाही असंही नाही. आईचं माहेर उरणकडचं. नवी मुंबईसाठी सरकारने घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लोक रस्त्यावर उतरले, जानेवारी १९८४ मध्ये गोळीबारात पाच जण गेले, तेव्हा कुठे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. आई तो किस्सा सांगते तेव्हा घटनेचं कलम कधीच सांगत नाही. 'अर्ज किती केले होते,' ते सांगते.

इथे आम्हाला मानवी हक्कांच्या वर्गात ओल्गा टेलिस शिकवला, मुंबईच्या फुटपाथवरच्या माणसांचा १९८५ चा खटला. उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, हे त्या निकालाने सांगितलं. प्राध्यापक भारावून बोलत होते. त्याच निकालात त्या झोपड्या हटवायला परवानगी मिळालीच होती, फक्त पावसाळा संपेपर्यंत थांबून, हे मी हात वर करून सांगितलं. वर्ग जरा शांत झाला.

मागच्या आठवड्यात बाबांना मी फोनवर अर्ज शब्दशः सांगितला : 'अर्ज नामंजूर असल्यास कारण लेखी द्यावे.' काल कागदाचा फोटो आला. शिक्का आहे, जावक क्रमांक आहे, सही आहे, आणि एकच ओळ : 'कागदपत्रे अपूर्ण.' कुठली, ते नाही. पण तारीख आहे. पहिल्या अपिलाला त्या तारखेपासून ३० दिवस मिळतात. बाबा म्हणाले, 'सोमवारी जातो. तू फक्त मजकूर पाठव, आणि काकाला काही सांगू नकोस, तो ओळखीचा माणूस शोधायला लागेल.'