बाप राष्ट्राध्यक्ष असला म्हणून मुलीने धंदा करायचा नाही का? : एका प्रतिक्रियेला उत्तर

उझबेकिस्तानचे माजी राष्ट्राध्यक्ष इस्लाम करिमोव यांची मुलगी गुलनारा करिमोवा, तिच्यावरच्या माझ्या लेखाखाली आलेली एक प्रतिक्रिया मनातून जाईना. चार ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून वेगळं लिहिते आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी जशीच्या तशी देते:

“ताई, लेख लांबलचक आहे पण मत्सराने भरलेला आहे. बाप राष्ट्राध्यक्ष असला म्हणून मुलीने धंदा करायचा नाही का? स्वीडनच्या कोर्टाने त्या टेलिफोन कंपनीच्या अधिकाऱ्यांना निर्दोष सोडलं, ते तुम्ही सोयीस्कर विसरलात. पुरुष असता तर त्याच्या कपड्यांवर आणि गाण्यांवर एवढी शाई खर्च केली असतीत का? तुरुंगात पडलेल्या बाईवर दगड मारायला हिंमत लागत नाही. – एक जुना वाचक”

आधी सुराबद्दल बोलू. ‘ताई’ म्हणायचं आणि त्याच वाक्यात मत्सराचा आरोप करायचा, ही कुठली रीत? माझं मत चुकीचं वाटलं तर तसं म्हणा, एखादी तारीख चुकली असेल तर दाखवा. पण मी एका उझबेक बाईचा मत्सर का करेन, याचा विचार तरी केलात का? बाईने बाईवर लिहिलं की तो मत्सर, आणि पुरुषाने लिहिलं की ते विश्लेषण, असा हिशेब असेल तर तो मला मान्य नाही. तुम्ही स्वतःला जुना वाचक म्हणवता. जुन्या वाचकाला माझ्या लिखाणात याआधी मत्सर कुठे दिसला, तेही सांगायला हवं होतं. नाव न देता असं लिहिणं सोपं असतं. मी माझ्या नावाने लिहिते.

एक गोष्ट मान्य करते. न्यूयॉर्कच्या फॅशन शोबद्दलचा परिच्छेद थोडा आटोपशीर चालला असता. पण तो लेखात का होता, ते पुढे येईलच.

आता तुमचं ते वाक्य: बाप राष्ट्राध्यक्ष असला म्हणून मुलीने धंदा करायचा नाही का? करावा की. जरूर करावा. मी लेखात कुठेही ‘करू नये’ असं लिहिलेलं नाही. तिने काय विकलं, एवढाच माझा प्रश्न होता.

इस्लाम करिमोव उझबेकिस्तानच्या स्वातंत्र्यापासून २०१६ मध्ये मरेपर्यंत सत्तेवर होते. गुलनारा त्यांची थोरली मुलगी. त्या देशात मोबाइल कंपनी चालवायची तर परवाना लागतो, स्पेक्ट्रम लागतं, आणि दोन्ही सरकारच्या हातात. बाहेरची कंपनी आली की तिला कळायचं, की सरकारी दारं उघडायची असतील तर आधी जिब्राल्टरमध्ये नोंदलेल्या ‘टाकिलांट’ नावाच्या कंपनीशी व्यवहार करावा लागेल. या टाकिलांटने ना एक मनोरा उभारला, ना एक सिमकार्ड विकलं. स्वीडनच्या तेलियासोनेरा या टेलिफोन कंपनीने (पुढे तिचंच नाव तेलिया झालं) २००७ मध्ये उझबेकिस्तानात पाऊल ठेवलं तेव्हा तिथल्या धंद्यातला २६ टक्के हिस्सा टाकिलांटला दिला. त्यासाठी टाकिलांटने ५ कोटी डॉलर मोजले. २०१० मध्ये त्यातलाच २० टक्के हिस्सा तेलियासोनेराने परत विकत घेतला, २२ कोटी डॉलरला. यात जोखीम कोणाची होती? मेहनत कोणाची होती? तुम्ही याला धंदा म्हणता. मी आयुष्यभर हिशेबाच्या वह्या पाहिल्या आहेत. अशा नोंदीला आमच्याकडे एकच खातं असतं, आणि ते वहीत दाखवत नाहीत.

हे माझं एकटीचं मत नाही. अमेरिकेच्या न्याय खात्याने तीन टेलिफोन कंपन्यांशी केलेल्या तडजोडी जाहीर आहेत. व्हिम्पेलकॉमने ११.४ कोटी डॉलरहून अधिक लाच दिल्याचं मान्य केलं आणि २०१६ मध्ये ७९.५ कोटी डॉलर भरायचं कबूल केलं. तेलियाची लाच ३३.१ कोटी, दंडाची रक्कम ९६.५ कोटी, वर्ष २०१७. रशियाच्या एमटीएसची लाच ४२ कोटी, दंड ८५ कोटी, वर्ष २०१९. लाचेचे तिन्ही आकडे एकत्र केले की ८६.५ कोटी डॉलर होतात. अमेरिकेने गुलनाराविरुद्ध मार्च २०१९ मध्ये जे आरोपपत्र उघड केलं, त्यातही हाच आकडा आहे. देणारे तिघे ‘आम्ही लाच दिली’ म्हणताहेत आणि तुम्ही घेणारीच्या वतीने ‘धंदा’ म्हणताय.

आणि आता कपड्यांकडे येते. सगळ्यात मोठा राग तुम्हाला त्याचाच आलेला दिसतोय.

या बाईने आयुष्यात प्रत्येक गोष्टीवर स्वतःचं नाव लावलं. ‘गुली’ या नावाने कपडे काढले, शोपार्डबरोबर याच नावाचे दागिने काढले, अत्तर काढलं. ‘गुगूशा’ या नावाने गाणी गायली, स्पॅनिश गायक हुलियो इग्लेसियासबरोबर गायली, फ्रेंच नट जेरार द्पार्द्यूबरोबर गायली. संयुक्त राष्ट्रांच्या जिनिव्हा कार्यालयात देशाची प्रतिनिधी झाली, स्पेनमध्ये राजदूत झाली. ताश्कंदमध्ये धर्मादाय संस्था, कला महोत्सव, फॅशन सप्ताह, जिकडे पाहावं तिकडे तिचं नाव आणि तिचा चेहरा. फक्त टाकिलांटच्या कागदांवर नाव नाही. तिथे मालक म्हणून तिच्या हाताखाली काम करणारी एक तरुणी दाखवलेली. धंदा सरळ होता तर हे एकच नाव झाकायची गरज का पडली? मिरवायचं ते सगळं उजेडात आणि कमवायचं ते बेनामी, हे दाखवायचं म्हणून ते कपडे आणि ती गाणी लेखात होती. पुरुष असता तर त्याच्या मोटारींबद्दल आणि फुटबॉल संघाबद्दल मी इतकंच लिहिलं असतं.

न्यूयॉर्कचा शो तर आणखी वेगळ्या कारणासाठी होता. सप्टेंबर २०११ मध्ये तिथल्या फॅशन वीकमधून तिचा कार्यक्रम रद्द झाला, तो कपडे वाईट होते म्हणून नव्हे. उझबेकिस्तानात दर हंगामात सरकारी हुकमाने शाळा रिकाम्या करून मुलांना कापूस वेचायला नेत असत आणि मानवी हक्कवाल्यांनी तो मुद्दा लावून धरला होता. कापूस वेचणाऱ्या त्या मुलांतही कोणाच्या तरी मुली होत्याच. त्यांनी काय करायचं आणि काय नाही, हे विचारायला तुमच्यासारखं कोणी गेलं नाही.

तुमच्या या एका वाक्याने मला इतका राग का आला, तेही सांगते. माझे वडील एका सरकारी खात्यात कार्यकारी अभियंता होते. मी बी.कॉम. होऊन हिशेबाची कामं घ्यायला नुकती सुरुवात केली होती, तेव्हा वडिलांच्या हाताखाली कामं घेणारा एक ठेकेदार घरी आला. ताईंना आमच्या फर्मचे हिशेब देतो, महिन्याची रक्कम ठरवून टाकू, म्हणाला. रक्कम ऐकून मी हरखले. एवढे पैसे कोणी नवख्या मुलीला देत नाही, हे कळायचं वय नव्हतं. वडिलांनी त्याला दारापर्यंत सोडलं आणि आत येऊन मला म्हणाले, ज्यांच्या बिलांवर माझी सही होते त्यांचं काम तू घ्यायचं नाहीस, बाकी सगळा बाजार तुला मोकळा आहे. मी रडले, भांडले, महिनाभर नीट बोलले नाही. पण धंदा केला. पुढे स्वतःचं ऑफिस थाटलं, माणसं ठेवली, मुलांची शिक्षणं केली. अधिकाऱ्याच्या मुलीने धंदा करायचा की नाही, हा प्रश्न मला कोणी नव्याने शिकवू नये. तो माझ्या घरात, माझ्या पैशांच्या गरजेच्या वेळी सुटलेला आहे.

आणि सत्ताधाऱ्याची मुलगी धंद्यात असली की इतरांच्या धंद्याचं काय होतं, तेही लेखात होतं. तुम्ही तिथपर्यंत वाचलं की नाही, मला शंका आहे. तिचे पहिले यजमान अफगाण वंशाचे अमेरिकन, कोकाकोलाच्या उझबेक बाटलीबंद कारखान्यात त्यांचा भाग होता. २००१ मध्ये दोघं वेगळे झाले, तसे कारखान्यावर सरकारी तपासनीस येऊन धडकले, हिस्सा हातचा गेला आणि त्यांच्या नातेवाइकांना देशाबाहेर, अफगाणिस्तानात घालवून दिलं. २००१ मधलं अफगाणिस्तान! नवरा-बायकोच्या भांडणात सरकारी यंत्रणा उतरते तेव्हा समोरच्याने कुठे जायचं? एमटीएसचंही तसंच. २०१२ मध्ये परवाने गेले, अधिकारी पकडले गेले आणि ९० लाखांहून जास्त लोकांचे फोन बंद पडले. ज्याने दार उघडायचे पैसे घेतले, तेच दार त्याच्या मनात आलं की बंद होतं.

स्वीडनच्या निकालाबद्दल. होय, २०१९ मध्ये स्टॉकहोमच्या न्यायालयाने तेलियाच्या तीन माजी अधिकाऱ्यांना सोडलं आणि वरच्या न्यायालयाने ते कायम केलं. माझा लेख त्या अधिकाऱ्यांवर नव्हता. ती दूरसंचार खात्यात पदावर असल्याचं सिद्ध होत नाही, म्हणून तेव्हाच्या स्वीडिश कायद्यात ती लाच बसत नाही, हा त्या निकालाचा गाभा. ती पदावर नव्हती, हे तर मीही म्हणतेय. पदावर नसताना पैसे मिळत होते, तेच तर सांगायचं होतं. यावर आणखी लिहिण्यासारखं काही नाही.

राहिलं तुरुंगातल्या बाईवर दगड मारणं. २०१४ च्या सुरुवातीला तिला घरातच कोंडलं गेलं, तेव्हा बाप जिवंत होता आणि गादीवर होता. २०१५ मध्ये तिला शिक्षा झाली, आणि ती झाल्याचं सरकारी वकिलांनी लोकांना सांगितलं २०१७ मध्ये! २०१९ मध्ये घरातून तुरुंगात नेलं, २०२० मध्ये आणखी तेरा वर्षं चार महिन्यांची शिक्षा. असा गुपचूप खटला कोणावरही चालू नये, तिच्यावरही नाही. हे वाक्य मूळ लेखात जवळपास याच शब्दांत आहे, शेवटून तिसरा परिच्छेद. तो वाचला असतात तर तुमची शेवटची ओळ लिहिताना हात अडखळला असता. ज्या यंत्रणेने तिच्यासाठी दारं उघडली आणि इतरांची बंद केली, तीच यंत्रणा तिच्यावर उलटली. त्याबद्दल मला आनंद झालेला नाही, आणि तसं मी कुठे सुचवलेलंही नाही.

मला खरी काळजी आहे ती पैशाची. स्वित्झर्लंडने ८० कोटी फ्रँकहून जास्त रक्कम गोठवली होती. २०२२ मध्ये त्यातले सुमारे १३.१ कोटी डॉलर उझबेक लोकांना परत करायचा करार झाला, संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखालच्या ‘इशोंच’ निधीतून. ब्रिटनने २०२३ मध्ये लंडन आणि सरेमधली घरं ताब्यात घेतली. हा पैसा कापूस वेचणाऱ्या त्या मुलांच्या गावांपर्यंत किती पोचतो, कोण मोजतं, खर्चाचे कागद कुठे पाहायला मिळतात, यावर पुढचा लेख लिहिते आहे. जुने वाचक आहात तर तो पूर्ण वाचा आणि मग हवं तेवढं भांडा. तुमची ही प्रतिक्रिया मी काढणार नाही, पण मत्सराचा शब्द पुन्हा आला तर त्याला उत्तर मिळणार नाही.