गोधडीची आर-व्हॅल्यू

मिशिगनला घर घेताना शाळा बघितली, देसी दुकान किती लांब ते बघितलं, फक्त अ‍ॅटिकमध्ये, म्हणजे छपराखालच्या माळ्यात, डोकं घालून बघायचं राहिलं. पहिल्याच जानेवारीत हीटिंगचं बिल आलं आणि बायको म्हणाली, "अरे आपण घर तापवतोय का अख्खी गल्ली?"

मग गेलो दुकानात. ऊब अडवायला माळ्यात पसरतात त्या गुलाबी काचतंतूच्या कापसाच्या गुंडाळ्याच गुंडाळ्या, प्रत्येकीवर आकडा, आर-१३, आर-१९, आर-३०, मला आधी वाटलं चपलेसारखे साइजचे नंबर असतील. तर आर म्हणजे उष्णता अडवायची ताकद, आकडा मोठा तेवढं बरं. सोपंय की! पण तिथून खिडक्यांकडे गेलो तर तिथे यू-फॅक्टर, म्हणजे उष्णता किती निसटते त्याचा आकडा, आणि तो म्हणे कमी तेवढा चांगला. यू म्हणजे एक भागिले आर. व्यस्त प्रमाण सातवीत सोडून आलो होतो, ते इथे गाठ पडलं.

आमच्या थंडीला रिकाम्या अ‍ॅटिकमध्ये आर-६० टाका म्हणतात, आधीचं तीन-चार इंच असेल तर वरून आर-४९. नागपूरला बाबांना फोन लावला, ते रिटायर्ड इंजिनिअर, पहिला प्रश्न, "६० कसले? एकक सांग!" एकक निघालं फूट, फॅरनहाइट आणि बीटीयू या उष्णतेच्या जुन्या इंग्रजी मापाचं, मेट्रिकमध्ये आणायला ५.६८ ने भागा. मग हिशेब त्यांनीच केला: आर-१९ मधून १०० डॉलरची ऊब जात असेल तर ३८ केल्यावर ५० ची जाते, ५७ केल्यावर ३३ ची. म्हणजे पहिल्या थराची कमाई दुसऱ्याला नाही.

तरी माझी हुशारी नडलीच. साडेतीन इंची खाचेत सव्वासहा इंची आर-१९ कोंबला, गादीत कापूस ठासतात तसा. नंतर कळलं, दाबला की तो आर-१३च उरतो, कारण सगळं काम त्यात अडकलेली हवा करते आणि ती मी हाताने, पैसे देऊन, बाहेर काढली होती. वर दोन दिवस अंगभर खाज.

एवढं करून बाबा व्हिडिओ कॉलवर विचारतात, "आणि त्या माळ्याच्या झाकणावर काय टाकलंस?" काहीच नाही! नुसतं प्लायवूड! घाईघाईने कपाटातनं सापडलं ते टाकलं आणि फोन फिरवून दाखवलं.

मागनं आईचा आवाज आला, "ती माझ्या नऊवारीची गोधडी आहे ना रे?"