फॅसेट हळू चालतंय? चालू द्या

सोलर या सर्च सॉफ्टवेअरवरची फॅसेटची क्वेरी, म्हणजे कोणत्या रंगाच्या किती वस्तू ते मोजून दाखवणाऱ्या फिल्टर-यादीचा शोध, रखडली, तर पहिलं पथ्य: लॉग उघडायचा नाही. त्यात क्यूटाइम, म्हणजे क्वेरीला लागलेला वेळ, मिलिसेकंदात लिहिलेला असतो, आणि आकडा दिसला की बोलायला काही उरत नाही. "सर्व्हरवर लोड येऊन ऱ्हायला" म्हणा आणि परसोडीच्या आयटी पार्कबाहेर तर्री-पोहे खायला जा. मे महिन्यातल्या नागपुरात मशीन तापलं, हे कोणालाही पटतं.

परत आल्यावर रीस्टार्ट मारा. गरम झालेले सगळे कॅश, म्हणजे आधीच्या उत्तरांचे मेमरीतले साठे, थंड होतात, पहिली क्वेरी आधीपेक्षाही रेंगाळते, आणि नवा सर्व्हर मागायला पुरावा हाती येतो.

सर्व्हर मिळाला की हीप, म्हणजे सोलर ज्या जावावर चालतं तिची मेमरी, 8 जीबीवरून थेट 48 करा. 32 जीबीच्या आसपास जावा आखडलेले पॉइंटर (मेमरीतले छोटे केलेले पत्ते) वापरणं सोडते, म्हणजे वाढवलेल्यातली बरीच जागा पॉइंटरच खातात. इंडेक्सच्या, म्हणजे शोधाच्या सूचीच्या, फायली रॅममध्ये धरायला ऑपरेटिंग सिस्टिमकडेही फार उरत नाही. हा तपशील साहेबांना कशाला? त्यांना 48 सांगा.

आता खरी कलाकुसर. समजा, साइट गांधीबागेतल्या साड्यांच्या दुकानाची आहे. रंगाच्या फील्डमध्ये वीस-पंचवीसच वेगवेगळ्या नोंदी. तिथं फॅसेट मोजायची एनम पद्धत शोभते. म्हणूनच तुम्ही ती मालाच्या कोड नंबरांना लावा, जिथं प्रत्येक नोंद वेगळी. एनम प्रत्येक नोंदीसाठी वेगळा फिल्टर काढते, आणि नमुना कॉन्फिगरेशनमधल्या फिल्टरकॅशमध्ये जागा 512. बर्डीच्या शेअर ऑटोसारखं: नवा चढला की आधीचा खाली. तेवढ्यानंही भागलं नाही, तर फॅसेट लिमिट उणे 1 करा. यादीत सगळेच कोड येऊ द्या, गिऱ्हाईक वाचत बसेल.

वर्णनाच्या टेक्स्ट फील्डवरही फॅसेट हवंच. त्याचे शब्द सुटे झालेले असतात, त्यामुळे फिल्टरच्या यादीत सगळ्यात वर "आणि" येईल. किती साड्यांमध्ये "आणि" आहे, ही माहिती दुसरं कोणतं दुकान देतं?

कोणी शहाणा म्हणेल, "डॉकव्हॅल्यूज लावा, ते फील्ड आधीच उलटं मांडून डिस्कवर ठेवतात; 2013 पासून, सोलरच्या 4.2 आवृत्तीपासून आहेत." त्याला विचारा, "मग पूर्ण रीइंडेक्स, सगळ्या मालाची सूची नव्यानं, तू करशील का बे?" तो गप्प बसेल. फील्ड हीपमध्ये उलटं करून (कोणत्या साडीत कोणती नोंद, असं) मांडलं जातंय, ते तसंच राहू द्या. आणि ते एकदाच मांडून भागू नये म्हणून साडीगणिक कमिट करा, म्हणजे बदल शोधात आणा. प्रत्येक कमिटला नवा सर्चर (सोलरचा शोधणारा भाग) उघडतो, जुने कॅश त्याच्या कामाचे राहत नाहीत. ऑटोवॉर्म, म्हणजे नव्या सर्चरचे कॅश आपोआप गरम करणं, शून्यच ठेवा.

डेमोच्या दिवशी मात्र कमिट थांबवा, लवकर या आणि सगळ्या फिल्टरांवर आधी स्वतः क्लिक करून घ्या. शेठसमोर पान झटक्यात उघडेल. बिल त्याच बैठकीत द्या.