मॅच टीव्हीवरच, आणि तीही वायरने

लाइव्ह मॅच फोनवर बघून फार तर स्कोअर कळतो. मॅच बघायची तर ती हॉलमधल्या टीव्हीवर, घरच्यांच्या येण्याजाण्यात, कुणीतरी मध्येच उभं राहिलं म्हणून ओरडत बघायची. आणि इंटरनेटवरची मॅच टीव्हीवर आणायचे आज जे तीन-चार मार्ग आहेत, त्यातला सगळ्यात जुना आणि दिसायला सगळ्यात वाईट मार्गच भरवशाचा आहे, असं माझं ठाम मत झालंय : लॅपटॉप, चित्र आणि आवाज दोन्ही नेणारी एचडीएमआयची वायर, टीव्ही. आमच्या नेरुळच्या घरी टीव्हीमागून निघून शोकेसच्या कडेने सोफ्यापर्यंत आलेली काळी वायर बघून पाहुणे विचारतात, "हे काय लोंबतंय?" लोंबू दे.

मॅच कुठली, तर बेसबॉलची. हसा. ऐरोलीत अमेरिकन क्लायंटसाठी रात्रपाळी करत होते तेव्हा कॉलची पहिली दोन-चार मिनिटं कायम कालच्या मॅचवर जायची. आपण गप्प बसण्यापेक्षा थोडं बघून ठेवावं, एवढ्यापुरतं सुरू केलं आणि अडकले. रात्रपाळी सुटली, हे सुटलं नाही. आणि मुंबईकरांसाठी या खेळाच्या वेळा बऱ्या आहेत बरं का. न्यूयॉर्कची संध्याकाळची मॅच आपल्याकडे पहाटे साडेचारला, लॉस एंजेलिसची सकाळी साडेसातच्या पुढे, म्हणजे पोळ्या, डबे आणि मॅच एकदमच. शिकागोत दुपारची असेल तर आपल्याकडे झोपायच्या वेळी. मार्चअखेरीपासून सप्टेंबर संपेपर्यंत ३० टीम, प्रत्येकीच्या १६२ मॅच, आणि मग ऑक्टोबरात बाद फेऱ्या. कधीही लावा, काहीतरी चालू असतंच.

आता मोठा पडदा का, ते सांगते. बेसबॉलमध्ये मुख्य कॅमेरा मैदानाच्या मागच्या टोकाला, पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या पाठीमागे असतो. तिथून पिचर, बॅटर, कॅचर (आपला विकेटकीपर) आणि अंपायर एका रांगेत दिसतात. चेंडू साधारण १५० किलोमीटरच्या वेगाने जातो. पिचर उभा असतो १८.४४ मीटरवर, आपल्या २२ यार्डांच्या खेळपट्टीपेक्षाही जवळ. हातातून सुटल्यापासून पोचेपर्यंत सेकंदाचे चार दशांश लागतात. बाहेर जाणारा चेंडू शेवटच्या क्षणी आत वळला की नाही, यावर सगळा खेळ. फोनच्या पडद्यावर तो चेंडू म्हणजे साबुदाण्याचा दाणा. पिचरने हात फिरवला आणि कॅचरच्या ग्लव्हमध्ये काहीतरी गेलं, इतकंच कळतं.

आमच्या आई, म्हणजे सासूबाई, आयुष्यभर रेडिओवर क्रिकेटची कॉमेंट्री ऐकलेल्या. मी फोनवर बघायची तेव्हा त्या शेजारी बसून पोथी वाचायच्या. टीव्हीवर लावायला लागले आणि नऊपैकी तिसऱ्याच इनिंगला चष्मा कपाळावर घेऊन म्हणाल्या, "अगं, हे सगळे फुलटॉसच तर टाकतायत. मग मारता का येत नाही मेल्यांना?" इतका बरोबर प्रश्न मला ऑफिसात कुणी विचारला नव्हता. मग मी त्यांना कर्व्ह बॉल, म्हणजे हवेतच वळणारा चेंडू दाखवला. गोल बॅट, गोल चेंडू, टप्पा नाही म्हणून वाट बघायला वेळ नाही. आता त्या पिचरच्या खांद्यावरून सांगतात की हा दमलाय, बदला याला. बहुतेक वेळा पुढच्या पाच-दहा मिनिटांत बदलतातही.

म्हणून टीव्ही. पण टीव्ही म्हटलं की दुकानदार फोर-के, एट-के सुरू करतो. बेसबॉलसाठी त्याचं काही ऐकू नका. अमेरिकेत फॉक्स आणि ईएसपीएन दोघेही वर्षानुवर्षं ७२०पी मध्ये, म्हणजे फोर-केपेक्षा कितीतरी कमी बारकाव्यात प्रक्षेपण करत आलेत, पण सेकंदाला ६० चित्रं. हा ६० चा आकडा महत्त्वाचा. सेकंदाला ३० चित्रं असतील तर पिचरच्या हातातून बॅटपर्यंत चेंडू जेमतेम बारा चित्रांत दिसणार, ६० असतील तर चोवीस. वळण दिसतं ते त्या जास्तीच्या बारांत. त्यामुळे लॅपटॉपच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये टीव्हीचा रिफ्रेश रेट (सेकंदाला किती चित्रं) ६० आहे ना बघा, आणि टीव्हीतलं ते 'मोशन स्मूदिंग' नावाचं प्रकरण बंद करा. ते मधली चित्रं स्वतःच्या मनाने बनवतं. मालिकांना चालेल. इथे चेंडूला शेपूट फुटते.

आमचे चिरंजीव नववीत आहेत आणि कास्टचे, म्हणजे फोनवरचं बटण दाबून मॅच वायरशिवाय टीव्हीवर लावण्याचे कट्टर समर्थक. त्याची बाजूही खरी आहे, ती आधी सांगते. कास्ट केल्यावर फोन व्हिडिओ पाठवत नसतो. तो टीव्हीला फक्त पत्ता देतो, आणि टीव्ही स्वतः इंटरनेटवरून मॅच ओढतो. फोन गरम होत नाही, बॅटरी जात नाही, फोन घेऊन दूध आणायला गेलात तरी मॅच चालू राहते. हे सगळं मान्य. अडचण अशी की आता मॅच तुमच्या टीव्हीच्या वायफायवर अवलंबून. आमचा राउटर दाराजवळच्या कोपऱ्यात, मध्ये भिंत, आणि टीव्हीचा वायफाय कसा असतो हे टीव्ही बनवणाऱ्यांनाच ठाऊक. फोनवर झकास चालणारी मॅच टीव्हीवर गोल गोल फिरत बसते आणि शिव्या मॅच दाखवणाऱ्याला पडतात. फोन आणि टीव्ही एकाच नेटवर्कवर नसतील, समजा फोन चुकून पाहुण्यांसाठीच्या गेस्ट वायफायवर राहिला, तर टीव्ही यादीत दिसतच नाही. आणि आमच्याकडची खास भानगड म्हणजे कास्ट सुरू झालं की घरातल्या बाकीच्या अँड्रॉइड फोनवरही पॉजचं बटण उगवतं. दोन आउट (तिसऱ्याला डाव संपतो), तिन्ही बेसवर, म्हणजे रनच्या वाटेवरच्या थांब्यांवर, धावणारे उभे, आणि बेडरूममध्ये कुणीतरी खिशात हात घातल्यामुळे मॅच थांबलेली. हे ज्याने सोसलंय त्यालाच माझा वायरचा आग्रह कळेल.

स्क्रीन मिररिंगबद्दल, म्हणजे फोनचा अख्खा पडदाच टीव्हीवर दाखवण्याबद्दल फार लिहीत नाही, कारण ते मॅचसाठी नाहीच. तिथे फोन मॅच उतरवून घेणार, आपला पडदा पुन्हा व्हिडिओत बांधणार आणि हवेतून टीव्हीकडे फेकणार. चित्रं गळतात, आवाज मागे पडतो, फोन तापतो. शिवाय तुमच्या फोनवर जे येतं ते सगळं टीव्हीवर. पाण्याच्या टाकीवरून सोसायटीच्या ग्रुपवर चाललेलं भांडण, नणंदेचा मेसेज, सगळं ४३ इंचात.

आणि मिररिंग केल्यावर आवाज येतो पण चित्र काळं, हा प्रश्न तर मला निम्म्या नातेवाइकांनी विचारलाय. फोन बिघडलेला नसतो. पैसे घेऊन दाखवलेला व्हिडिओ कुलूपबंद येतो आणि रेकॉर्ड होऊ नये म्हणून अ‍ॅप पडदा काळा करतं. एचडीएमआयच्या वायरीत त्या कुलपाची किल्ली ओळखायची सोय आहे, एचडीसीपी म्हणतात. लॅपटॉप आणि टीव्ही एकमेकांना ओळखतात, चित्र येतं. मात्र मध्ये व्हीजीएचं, म्हणजे जुन्या मॉनिटरच्या वायरीचं कन्व्हर्टर लावलंत तर ही ओळख तुटते. तेव्हा सरळ एचडीएमआय ते एचडीएमआय. फोनलाच वायर लावायचा विचार असेल तर आधी फोनच्या सी-पोर्टमधून चित्र बाहेर येतं का ते तपासा. आयफोन १५ पासून येतं, स्वस्तातल्या बऱ्याच अँड्रॉइड फोनमधून येत नाही, आणि त्याचं भोक सारखंच दिसत असल्यामुळे अडॅप्टरचे पैसे वाया जातात.

"टीव्हीतच अ‍ॅप आहे की!" हेही ऐकते. आहे, जोवर आहे तोवर. टीव्ही आपण दहा वर्षं वापरतो, अ‍ॅपवाले जुन्या टीव्हीला इतकी वर्षं सांभाळत नाहीत. मार्च २०२५ मध्ये जगभरातले दुसऱ्या पिढीचे क्रोमकास्ट, म्हणजे टीव्हीला लावायची गूगलची कास्टची यंत्रं, एका दिवसात आजारी पडले. यंत्रं धडधाकट होती, त्यांच्या आतल्या एका डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपली होती. गूगलने काही दिवसांत दुरुस्ती पाठवली, पण तोवर लोकांचा कास्ट बंद. वायरीला मुदत नसते.

वायरने एक गोष्ट सुटत नाही, तेही सांगायला हवं : उशीर. इंटरनेटवरचं 'लाइव्ह' हे काही सेकंदांचे तुकडे करून येतं आणि प्लेअर थोडे तुकडे साठवून मग दाखवायला लागतो. अर्धा मिनिट मागे असणं अगदी नेहमीचं. बेसबॉलमध्ये याचा त्रास नाही, कारण नेरुळात माझ्याआधी ओरडणारं दुसरं कुणी नाही. फोनवरच्या स्कोअरच्या सूचना बंद केल्या की झालं. पण २ नोव्हेंबर २०२५ ला आमची पुरती गंमत झाली.

त्या रविवारी पहाटे साडेपाचच्या सुमारास टोरंटोत वर्ल्ड सिरीजची, म्हणजे बेसबॉलच्या विजेतेपदाच्या मालिकेची सातवी, निर्णायक मॅच सुरू झाली, डॉजर्स विरुद्ध ब्लू जेज. आणि त्याच दिवशी दुपारी, आमच्या घरापासून चालत जाता येईल अशा डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये क्रिकेटच्या महिला विश्वचषकाची फायनल, भारत विरुद्ध दक्षिण आफ्रिका. मी सोफ्यावरून उठलेच नाही म्हटलं तरी चालेल.

सकाळी नवव्या इनिंगमध्ये एक आउट शिल्लक... नाही, दोन शिल्लक असताना डॉजर्सच्या मिगेल रोहासने होम रन (आपल्या सिक्सरसारखा फटका) मारून ४-४ केलं. त्याच इनिंगच्या दुसऱ्या अर्धात ब्लू जेजचे तिन्ही बेस भरलेले, एक रन म्हणजे विजेतेपद. चेंडू रोहासकडे, त्याचा होम प्लेटकडे, म्हणजे रन पुरी होते तिथे थ्रो, कॅचर विल स्मिथने तो घेतला, पण त्याचा पाय क्षणभर प्लेटवरून उचललेला. चेंडू हातात असताना पाय आधी टेकला तर धावणारा आउट. परत टेकला कधी? धावणारा पोचायच्या आधी की नंतर? रिप्ले दाखवत राहिले. आई टीव्हीजवळ जाऊन उभ्या राहिल्या, बोट लावून म्हणाल्या, "टेकलाय." आउटच दिला. फोनवर तो बूट मला दिसला असता का? मॅच अकराव्या इनिंगला गेली, त्याच स्मिथने होम रन मारला, डॉजर्स ५-४. आदल्या दिवशी ९६ चेंडू टाकलेला त्यांचा पिचर यामामोतो पुन्हा येऊन शेवटपर्यंत टाकत राहिला.

संध्याकाळी पावसामुळे फायनल पाचला सुरू झाली. तीच वायर, तोच लॅपटॉप. आणि तेव्हा कळलं की अर्धा मिनिट उशीर म्हणजे काय. खिडकी उघडी, स्टेडियमचा आवाज थेट घरात. एक किलोमीटरवरून आवाज यायला तीन सेकंद, इंटरनेटला तीस. शेफाली वर्माचा प्रत्येक चौकार आम्हाला आधी ऐकू यायचा, मग दिसायचा. ८७ केल्या तिने. दक्षिण आफ्रिकेची वोल्व्हार्ट शतक करून उभी होती तेव्हा बाहेरून आधी आरोळी, मग एकदम घाबरलेला आवाज, मग स्फोट. आमच्या टीव्हीवर अजून गोलंदाज चालतच होती. घरात सगळे एकमेकांकडे बघतायत, झालं काय? मग दिसलं : अमनजोतच्या हातातून झेल उडाला, पुन्हा उडाला, आणि शेवटी धरला. चिरंजीव म्हणाले खिडकी लावू या. आई म्हणाल्या, खबरदार. दीप्तीचे पाच बळी आम्ही असेच दोन-दोनदा साजरे केले, आधी कानांनी, मग डोळ्यांनी.

त्याच आठवड्यात सिरीजची तिसरी मॅच १८ इनिंग चालली होती, ६ तास ३९ मिनिटं. मंगळवार होता, घरून काम. पहाटे लावलेली मॅच फ्रेडी फ्रीमनच्या होम रनने संपली तेव्हा कुकरच्या शिट्ट्या होऊन गेल्या होत्या. लॅपटॉप चार्जरवर, वायर टीव्हीत, एकदाही हात लावावा लागला नाही. मोबाइल डेटावर असते तर? सेकंदाला ५ मेगाबिटच्या हिशोबाने तासाला सव्वादोन जीबी जातात. रोजच्या दोन जीबीच्या पॅकमध्ये पहिल्या तासाचीही मॅच मावत नाही.

गंमत म्हणजे या सगळ्या स्ट्रीमिंगच्या वेडाचे एक मूळ पुरुष बेसबॉलवालेच आहेत. २६ ऑगस्ट २००२ ला त्यांनी यँकीज आणि रेंजर्सची मॅच इंटरनेटवर दाखवली, आणि पुढे त्यांचं तंत्र इतकं वाढलं की डिस्नेने त्यांची स्ट्रीमिंगची कंपनीच ताब्यात घेतली. डिस्ने प्लस त्याच पायावर उभं राहिलं. पण हेच लोक अमेरिकेत स्वतःच्या प्रेक्षकाला त्याच्या भागातली टीम दाखवत नव्हते, कारण ते हक्क स्थानिक केबलला विकलेले. आयोवा राज्यात मोठ्या लीगची एकही टीम नाही, आणि वर्षानुवर्षं तिथे शिकागोसकट सहा टीमच्या मॅच बंद. नेरुळात बसून मी शिकागो बघते, शिकागोच्या शेजारचा माणूस तोंड बघत बसायचा.

वायर घेणार असाल तर पाच मीटरची घ्या, वाशीत कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळते, महागडी नको. लॅपटॉप झोपू नये आणि झाकण मिटलं तरी बंद पडू नये, ही दोन सेटिंगं आधी बदला. आवाज लॅपटॉपमधूनच येत राहिला तर साउंडच्या आउटपुटमध्ये टीव्ही निवडा. आणि घरात इंटिरिअर करत असाल तर टीव्हीमागून सोफ्यापर्यंत भिंतीतून एक रिकामा पाइप टाकून ठेवायला सांगा. आमचा माणूस परवा म्हणाला, "मॅडम, आता सगळं वायरलेस झालंय, कशाला खोदायची भिंत?" मी म्हटलं, खोद तू.