‘भाडोत्री’ या एका शब्दाविषयी : प्रतिक्रियेला उत्तर

पोलंडमधील तातार मुसलमानांवरील माझ्या लेखावर आपण लिहिलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. मशिदीचे साल चुकले, तातारांचे 1672 चे बंड मी दडवले, आणि ‘हे तर भाडोत्री शिपाई, यांना पोलंडच्या इतिहासात बसवणे ही वाचकांची दिशाभूल आहे’, असे आपले म्हणणे आहे.

सालाची चूक मला मान्य आहे. पूर्व पोलंडमधील क्रुशिन्यानी गावची जमीन तातारांना 1679 मध्ये मिळाली. आज तेथे उभी असलेली हिरवी लाकडी मशीद त्यापुढच्या शतकातली आहे. लेखात दुरुस्ती केली आहे. पण दिशाभूल ही जाणूनबुजून केली जाते, आणि माझ्या हेतूविषयी आपणास काहीही ठाऊक नसताना आपण हा शब्द वापरला, याचे मला वाईट वाटले.

आता ‘भाडोत्री’. भाडोत्री शिपाई पगार घेतो आणि मोहीम संपली की चालता होतो. तेव्हा पोलंडशी जोडलेल्या लिथुआनियाचा अधिपती व्हितौतास याने चौदाव्या शतकाच्या अखेरीस ज्यांना आपल्या मुलखात वसवले, ते तातार कोठेही गेले नाहीत; 1410 मध्ये ग्रुनवाल्डच्या रणात ते त्याच्या बाजूने ट्यूटॉनिक सरदारांशी, म्हणजे एका जर्मन ख्रिस्ती लढवय्या धर्मसंघाशी, लढले. पोलंडचा राजा यान सोबिएस्कीने 1679 मध्ये त्यांना गावे दिली ती थकलेल्या पगारापोटी, हे खरे. पण पगाराऐवजी जमीन घेऊन पिढ्यान्‌पिढ्या तीच कसणाऱ्याला भाडोत्री म्हणणे मला तरी जमणार नाही. 1683 मध्ये व्हिएन्नाजवळ ते त्याच राजाच्या बाजूने उस्मानी (ऑटोमन तुर्की) फौजेशी, म्हणजे स्वधर्मीयांशी, लढले. शत्रूकडील तातारांपासून वेगळे ओळखू यावे म्हणून त्यांनी शिरस्त्राणात पेंढ्याच्या काड्या खोवल्या होत्या, असे सांगतात. त्यांची मूळ बोली तर केव्हाच लोपली होती. बेलारूसी आणि पोलिश भाषेतील त्यांचे धर्मग्रंथ अरबी लिपीत लिहिलेले आहेत. 1925 मध्ये, तेव्हा पोलंडमध्ये असलेल्या व्हिल्नोत (आजच्या लिथुआनियातील विल्नियस), त्यांची धार्मिक संघटना उभी राहिली, याकुब शिन्किएविच मुफ्ती झाले, आणि 1936 मध्ये कायद्यानेच या संघटनेचे राज्याशी असलेले नाते ठरवले. 1939 मध्ये जर्मनांशी लढलेल्या पोलिश घोडदळात तातारांची स्वतंत्र तुकडी होती. पाच शतकांहून अधिक काळ चालत आलेल्या या चाकरीला आपण एका शब्दात निकालात काढता!

हे मी केवळ पुस्तकांतून वाचलेले नाही. नोकरीनिमित्त मी चार वर्षे पोलंडमधील बियाविस्तोक शहरात राहिलो, आणि क्रुशिन्यानीच्या टेकडीवरील कबरस्तानात सुट्टीच्या कित्येक दुपारी घालवल्या. तेथील दगडांवर चंद्रकोरीखाली पोलिश आडनावे कोरलेली आहेत. आपण ती पाहिली आहेत का? नसतील, तर मला इतिहास शिकवताना आवाज थोडा खाली ठेवावा, ही विनंती.

1672 च्या बंडावर आपण बरेच लिहिले आहे. त्या वर्षी काही तातार तुकड्या उस्मानांना मिळाल्या, हे मी नाकारत नाही. तो माझ्या लेखाचा विषय नव्हता. आपली प्रतिक्रिया मी काढलेली नाही. मात्र ‘दिशाभूल’ हा शब्द आपण मागे घ्यावा, अशी माझी अपेक्षा आहे.