८८ कीजच्या वेटेड कीबोर्डबद्दल तुम्ही लिहिलंत, त्याला उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू वाचला आणि एका वाक्यापाशी थांबलो. "मी पेटी वाजवते हे आल्या आल्या सांगितलं होतं, पण कुणी ऐकूनच घेतलं नाही." बाकीच्या मुद्द्यांवर पुढे बोलतो, एका बाबतीत माझं म्हणणं वेगळंही आहे. पण हे वाक्य खरं आहे. त्या दिवशी काउंटरवर असलेल्या मुलाशी मी बोललो. त्याने तुम्हाला बजेट विचारलं, खोलीत जागा किती ते विचारलं, आणि तुम्ही काय वाजवता ते कानावर पडूनही तो पुढे सरकला. गिऱ्हाईक आलं की आधी बजेट विचारायचं, ही सवय त्याला माझ्याच दुकानात लागली. त्यामुळे चूक माझी आहे आणि तुमची मनापासून माफी मागतो.

इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. ताईंनी आमच्याकडून ८८ कीजचा, हॅमर ॲक्शनचा, म्हणजे पियानोसारख्या जड (वेटेड) कीजचा, लॅपटॉपला जोडून वाजवायचा मिडी कीबोर्ड नेला. घरी लॅपटॉपवर अभंग, भावगीतं रेकॉर्ड करायची आणि नुकताच पियानो शिकायला लागलेल्या मुलालाही तो वापरता यावा, असा त्यांचा विचार होता. त्यांच्या तक्रारी अशा: कीबोर्डला स्वतःचा आवाजच नाही हे कुणी सांगितलं नाही. कीज इतक्या जड की अर्ध्या तासात मनगट भरून येतं आणि तान घेताना मधले स्वर गळतात. बोट ठेवल्यावर आवाज मागाहून येतो. खोक्याचं सील आधीच कापलेलं होतं, म्हणजे वापरलेला माल दिला. आणि फोन केला तेव्हा 'उघडलेला माल परत घेत नाही' असं सांगितलं गेलं.

स्वर गळण्याचं आधी घेतो, कारण तुम्ही लिहिलंय की "माझाच हात बिघडला का असं वाटायला लागलं". ताई, तुमच्या हातात काहीही बिघडलेलं नाही. कीबोर्डातही नाही. पेटीची पट्टी जराशी दबली की तिच्याखालची झडप उघडते, भात्यातली हवा रीडमधून जाते आणि सूर लागतो. सूर लागतो तो वरच्या वर. म्हणून ज्यांचा हात वर्षानुवर्षं पेटीवर बसलाय, त्यांची बोटं पट्ट्यांवरून जवळजवळ पुसत जातात. हॅमर ॲक्शनमध्ये नेमकं उलटं असतं. की साधारण एक सेंटिमीटर खाली जाते. तिच्याखाली दोन सेन्सर असतात, एक आधी लागणारा आणि एक तळाजवळ लागणारा. या दोन्हींमध्ये किती वेळ गेला ते मोजून बोट किती जोरात पडलं ते ठरतं आणि १ ते १२७ यांपैकी एक आकडा लॅपटॉपकडे जातो. तळाजवळचा सेन्सर लागलाच नाही, तर कीबोर्डच्या लेखी तो स्वर वाजलेलाच नसतो. शिवाय दोनच सेन्सर असले तर तोच स्वर पुन्हा वाजवायला की बरीच वर यावी लागते. तीन सेन्सरच्या कीबोर्डमध्ये ही अडचण कमी होते, पण तुमचा दोनचा आहे.

काल दुकान बंद केल्यावर तुमच्याच मॉडेलचा डेमोचा पीस लॅपटॉपला जोडला आणि पेटीच्या हाताने यमनमधली साधी आठ स्वरांची सपाट तान वाजवली. स्क्रीनवर पाचच रेघा उमटल्या. तीन स्वर गायब, आणि जे आले त्यांचे आकडेही वीस-तीसच्या घरात, म्हणजे आवाज अगदी दबलेला. तीच तान प्रत्येक की तळापर्यंत दाबून वाजवली तेव्हा आठही रेघा आल्या, पण लय निम्म्यावर आली आणि चार-पाच वेळा केल्यावर माझंही मनगट दुखायला लागलं. तुम्ही लिहिलंत ते मला तेव्हा हाताला कळलं.

मग हे वजन असतं कशासाठी? पियानोत की दाबली की एक हातोडी उडून तारेवर आपटते आणि बोटाला त्या हातोडीचं वजन जाणवतं. चांगल्या पियानोची की खाली जायला साधारण ५० ग्रॅम वजन लागतं. खर्जाकडच्या हातोड्या मोठ्या, म्हणून तिकडे जरा जास्त, आणि तारसप्तकाकडे जरा कमी. हॅमर ॲक्शनचा कीबोर्ड हीच जाणीव देण्यासाठी बनवतात. पियानोवर हळू आणि जोरात हा सगळा फरक बोटातूनच काढायचा असतो, त्यामुळे पियानो शिकणाऱ्याला असं वजन हवंच. हलक्या कीजवर शिकलेलं मूल परीक्षेच्या दिवशी खऱ्या पियानोसमोर बसलं की बोटं कमी पडतात, हे मी पालकांकडून बऱ्याचदा ऐकलंय. पण वेटेड म्हणजे वरच्या दर्जाचा आणि हलका म्हणजे कमी दर्जाचा, असं मुळीच नाही. 'प्रोफेशनल लोक हेच घेतात' असं तुम्हाला सांगितलं गेलं, ते चुकीचं होतं. ऑर्गनचा, बासरीचा, सारंगीचा किंवा पेटीचा आवाज वाजवणारे कितीतरी उत्तम वादक मुद्दाम हलक्या कीज घेतात.

तुमच्या कामाला माझ्या मते ४९ किंवा ६१ कीजचा, हलक्या किंवा सेमी-वेटेड (किंचित वजनाच्या) कीजचा कीबोर्ड योग्य होता. ४९ कीज म्हणजे चार सप्तकं. तुमची पेटी साडेतीन सप्तकांची असेल, तर त्याहून थोडी जास्तच जागा मिळते. बघायच्या गोष्टी दोनच. एक, डाव्या बाजूला पिच बेंड (वाजता स्वर वर-खाली सरकवणारं) आणि मॉड्युलेशन (आवाजात बदल करणारं) ही चाकं आहेत का. आणि दोन, व्हेलॉसिटी (बोटाच्या जोराचा तो आकडा) 'फिक्स्ड' ठेवता येते का, म्हणजे बोट कसंही पडलं तरी आकडा तोच जाईल. पेटीत आवाजाचा लहानमोठेपणा बोटात नसतोच, तो भात्यात असतो.

आणि हे मला फार आवडणारं आहे म्हणून सांगतो. मॉड्युलेशनचं चाक सेटिंगमध्ये जाऊन एक्स्प्रेशनला, म्हणजे आवाज लहानमोठा करणाऱ्या कंट्रोलर क्रमांक ११ ला जोडायचं. मग उजव्या हाताने वाजवायचं आणि डाव्या हाताने ते चाक हळूहळू पुढेमागे करायचं. आवाज भात्यासारखा भरतो आणि ओसरतो. तुमचा डावा हात इतकी वर्षं हेच करत आलाय, त्याला नवं काही शिकवावं लागत नाही. आमच्याकडे येणाऱ्या एका भजनी मंडळातल्या आजोबांना हे करून दाखवलं, तर ते पाऊण तास उठलेच नाहीत. बासरी किंवा सारंगीचा आवाज असेल तर मींड पिच बेंडवर घेता येते. ते चाक सहसा वर-खाली दोन-दोन अर्धस्वरांचं, म्हणजे सा वरून शुद्ध रे पर्यंतचं असतं. मोठी मींड हवी असेल तर सॉफ्टवेअरमध्ये वाढवता येतं.

आता आवाजाचं. मिडी कीबोर्डमधून आवाज निघत नाही, निघते ती फक्त सूचना: अमुक स्वर, इतक्या जोरात, आता सोडला. वहीत लिहिलेली स्वरलिपी जशी आपोआप वाजत नाही, ती वाजवायला कुणीतरी लागतं, तसंच; इथे आवाज काढतं ते लॅपटॉपमधलं सॉफ्टवेअर. वेगवेगळ्या कंपन्यांच्या वाद्यांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून १९८३मध्ये अमेरिकेतले डेव्ह स्मिथ, जपानमधले इकुतारो काकेहाशी आणि इतरांच्या पुढाकाराने मिडी ही सूचनांची भाषा ठरली. कीबोर्डला स्वतःचा आवाज नसतो हे मला पाठ आहे, माझ्या दुकानातल्या मुलांना पाठ आहे, म्हणून गिऱ्हाइकालाही माहीत असेल असं आम्ही धरून चालतो. तुम्ही घरी खोकं उघडलंत, वायर जोडलीत, मुलाने उत्साहाने की दाबली आणि काहीच वाजलं नाही, हे वाचून फार वाईट वाटलं. बिल करण्याआधी एका वाक्यात सांगायची गोष्ट होती ती.

खरं तर तुमच्या घरासाठी तिसराही एक पर्याय होता आणि तो आम्ही दाखवलाच नाही. यामाहा, रोलँड, कॅसिओ यांचे साधे डिजिटल पियानो असतात. त्यांत वेटेड कीज असतात, स्पीकर असतात, आणि मागे यूएसबीचं पोर्ट असतं. लॅपटॉपला जोडला की तोच मिडी कीबोर्ड होतो. लॅपटॉप बंद असला तरी मूल रियाझाला बसू शकतं. त्यांतल्या बऱ्याच मॉडेलना पिच बेंडचं चाक नसतं, हे मात्र सांगायला हवं.

आवाज मागाहून येतो, यावर उपाय बहुतेक आजच होईल. फोनवर तुम्ही म्हणालात की रात्री घरच्यांना त्रास नको म्हणून ब्लूटूथ इअरफोन लावता. उशीर मुख्यतः तिथूनच होतो. ब्लूटूथवर आवाज सहज दीडशे-दोनशे मिलिसेकंद मागे राहतो. गाणी ऐकताना ते कळत नाही, पण वाजवताना लगेच कळतं. वायरचा हेडफोन लावा. मग सॉफ्टवेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये एएसआयओ ड्रायव्हर (आवाज कमी उशिराने काढणारा प्रोग्राम) निवडा आणि बफर, म्हणजे आवाज बाहेर पडण्याआधी साठवायचा तुकडा, ५१२ वर असेल तर १२८ करा. ५१२ ला साधारण १२ मिलिसेकंद जातात, १२८ ला तीन. आवाज तडतडायला लागला तर २५६ वर आणा.

वापरलेला माल दिला, हे मात्र मी मान्य करू शकत नाही. सील आम्हीच कापलं होतं. ८८ कीजचं प्रत्येक खोकं देण्याआधी आम्ही उघडतो, लॅपटॉपला जोडतो आणि खालपासून वरपर्यंत प्रत्येक की वाजवून बघतो, कारण वाहतुकीत खोकं आपटलं की एखादी की बसून जाते. तुमच्या खोक्यावरचा सीरियल नंबर, कीबोर्डखालचा आणि बिलावरचा एकच आहे, कृपया पडताळून पाहा. पण ही तपासणी तुमच्यासमोर व्हायला हवी होती. ती झाली नाही, त्यामुळे तुम्हाला शंका आली यात तुमचं काही चुकलं नाही. या आठवड्यापासून सील गिऱ्हाइकासमोरच कापलं जाईल.

राहिलं परत घेण्याचं. फोनवर मिळालेलं उत्तर दुकानाचा नियम म्हणून दिलं गेलं, पण तो नियम गिऱ्हाइकाने मन बदललं तर, यासाठी आहे. इथे वस्तू निवडून देण्यात आमची चूक झाली. कीबोर्ड परत आणा, बिलाची पूर्ण रक्कम मिळेल. खोकं फेकलं असलं तरी चालेल. तो १५ किलोच्या आसपास आहे, तुम्ही उचलून आणू नका, आमचा टेम्पो घरी येईल.

फक्त एक विनंती आहे. तुमचा मुलगा पियानो पुढे शिकणार असेल, तर परत पाठवण्याआधी त्याच्या सरांना एकदा विचारा, कारण त्याच्यासाठी हा कीबोर्ड योग्य आहे. ठेवायचं ठरलं तर वायरचा हेडफोन आमच्याकडून घ्या, त्याचे पैसे नकोत. तुमच्यासाठी ४९ कीजचा हलका कीबोर्ड आठ दिवस घरी वापरायला देतो, आवडला नाही तर तसाच परत करा. हे विकण्यासाठी म्हणत नाही. नुसते पैसे परत हवे असतील तर त्यावर एक प्रश्नही विचारणार नाही.

बुधवार सोडून कधीही या, मी स्वतः दुकानात असतो. येताना लॅपटॉप आणा, आणि जमलं तर पेटीही. दोन्ही शेजारी ठेवून तुमच्या हाताला काय बसतं ते बघू.